लोहगिरी अहिराणी बोलतो

लिंबायत, सुरत
९ जून १९९८

धर्मेंद्र, आप्पाचा आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर झाला, त्याची माफी आधी मागतो. तू गेल्यापासून एक ओळ पाठवली नाही. पत्ता नव्हता, हे एक. पत्ता मिळाल्यावरही कागद घेऊन बसत होतो आणि उठत होतो, हे दुसरं. माझी शाळा चौथीपर्यंतची. कागदावर गुरुजींची पुस्तकी भाषा उतरते, घरची उतरत नाही. म्हणून पत्र परक्याचं वाटलं तर रागावू नकोस. मीच लिहितोय.

हे तुझ्याच हाती पडलं ना? पाकिटावर कॅसेटीवर छापलेलं मुंबईच्या स्टुडिओचं नाव घातलंय आणि खाली 'जो लोहगिरीचा आवाज काढतो त्याला द्यावे' असं लिहिलंय. तिकडे तू वेगळं नाव लावत असलास तर धर्मेंद्र म्हणून कोण ओळखणार? दुसऱ्या कोणी फोडलं असेल तर त्याने मेहेरबानी करून इथेच थांबावं.

कसं कळलं ते सांगतो. भूपेंद्र केबलवाला तुला आठवत असेल, सायकलवर वायरीचं भेंडोळं टाकून फिरायचा. आता त्याचं ऑफिस आहे आणि स्वतःचं चॅनलही. संध्याकाळी सात वाजता मुंबईहून आणलेल्या कॅसेटी लावतो. मे महिन्यापासून त्याने एक जपानी कार्टून लावलंय, हिंदीत बोलणारं. नाव 'लोहगिरी'. तुला काय सांगायचं, तू तर त्याच्या पोटातच बसला आहेस. तरी मला जेवढं समजलं तेवढं लिहितो, चुकलं असेल तर कळव. हजारो वर्षांनंतरचं जग आहे. समुद्र शहरांवर चढून गेलाय, कारखाने गंजलेत, उरलेली माणसं पाण्याच्या जुन्या टाक्यांवर खोपी करून राहतात. मिठाच्या रणातून एक लोखंडी माणूस निघतो, सात-आठ माळ्यांएवढा. यूना नावाची पोरगी त्याच्या छातीत बसून त्याला चालवते. तो हिंदी बोलतो, पण मधूनच बुडून गेलेल्या जगाची जुनी भाषा बोलतो, जी आता पृथ्वीवर कोणालाच कळत नाही. यूनाला वाटतं, तो मंत्र म्हणतोय.

एका संध्याकाळी शेजारच्या मालतीबाईच्या घरी सगळे बघत होते. लोहगिरी दोन कड्यांच्या मध्ये अडकला. त्याने हात वर केले आणि त्या जुन्या भाषेत गरजला. मेथी निवडता निवडता मालतीबाई एकदम थांबली. लोहगिरी म्हणाला होता, "बाबीन सरनी रे भो, मशीन बंद कर."

सगळी चाळ हसून लोटपोट झाली. जपानचं लोखंड अहिराणी बोलतं, तेही आपल्या कापडाच्या लूमवरची अहिराणी. मग हसणं थांबलं आणि मालतीबाई म्हणाली, "हाऊ ते आपला धर्मेंद्र शे." तुझी आई गेल्यावर तिनेच तुला वाढवलं. तुझा नुसता खोकलासुद्धा गल्लीतून ओळखेन, असं ती म्हणते. स्टुडिओवाल्यांनी तुला सांगितलं असेल, कोणाला कळणार नाही असं काहीतरी बोल. आणि तू आपलं बोललास. मुंबईत कोणाला कळणार म्हणा.

मीही ऐकला. तुझाच आवाज.

आता मुद्द्याचं. श्रावणात कानबाईचा सण आहे. तू विसरला नसशील, पण माझ्या जिवाला घोर आहे म्हणून पुन्हा लिहितो. छगनदादाकडे, थोरल्या भावाच्या घरी, चलथाणला रोटासाठी घराण्यातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि डाळ काढतात, दळतात, आणि तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, संपेपर्यंत पाटावरून उठायचं नाही. तीन वर्षांपूर्वी तू मधूनच उठलास. गेल्या दोन कानबाईंना तुझी मूठ पडली नाही. यंदा तिसरं वर्ष. आपल्या घराण्यात तीन वर्षं ज्याची मूठ पडत नाही त्याचं नाव मग घेतच नाहीत. दादाचं म्हणणं आहे, त्याने स्वतः येऊन बसावं, नाहीतर स्वतःच्या हाताने लिहून कळवावं की बसतो. तेवढं केलंस तर मूठ पडेल.

दोन ओळी पाठव. गळ्याला जप. रोज एवढं गरजायचं म्हणजे घसा बसत असेल. झोपताना हळदीचं दूध घेत जा.

तुझा
आप्पा

लिंबायत
२८ जून १९९८

धर्मेंद्र,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. पावसाने टपाल अडलं असेल असं मी मालतीबाईला सांगितलं. ती म्हणाली, पाऊस अजून पडलाच कुठे. म्हणून हे दुसरं.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. मला वाटत होतं, माझं पत्र तुला पोचलं की लोहगिरीच्या बोलण्यात काहीतरी दिसेल. रोज सात वाजता त्याच आशेने जाऊन बसत होतो. शेवटी भूपेंद्रने समजावलं, "काका, आ बधुं पहेलेथी भरेलुं होय." सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं, कितीतरी महिन्यांपूर्वी. तुमचं पत्र आता त्यात घुसणार नाही. म्हणजे आज जे लोहगिरी बोलतो ते तू थंडीत कधीतरी बोललास. मग आत्ता तू कसा आहेस, हे त्यावरून कसं कळणार? मला तर वाटलं होतं, रोजची खबर मिळतेय.

तरी बघणं सोडवत नाही. गेल्या आठवड्यात लोहगिरीचा डावा हात खांद्यातून गळून समुद्रात पडला. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझा हात बरा आहे ना? हसू नकोस. मालतीबाईही हसली.

परवा तो आणि यूना एका सुन्या शहरात शिरले. दारं उघडी, आत चुली तशाच, माणूस नाही. मला प्लेगचे दिवस आठवले. सगळं लिंबायत गाड्यांना लोंबकळून पळालं होतं आणि आपण दोघं लूमच्या खात्यातच कुलूप लावून राहिलो, बंद मशिनींच्या मध्ये स्टोव्हवर भात शिजवून. तेव्हा तू मला वेगवेगळे आवाज काढून दाखवायचास, शेठचा, खात्यातल्या मास्तरचा, रेडिओवाल्या बाईचा. समोर बसून. मी खूप हसायचो.

हल्ली चाळीतले लोक लोहगिरीचं हिंदी ऐकतच नाहीत. तो जुन्या भाषेत कधी बोलतो याची वाट बघतात. लूमवरचं 'धोटा अडकना' पोरं दिवसभर ओरडत फिरतात. यूना त्याचं बोलणं बाहीवर लिहून घेते आणि टाकीवरची माणसं हात जोडून ते म्हणतात. मालतीबाईला त्याची फार गंमत वाटते. मी दाराशी, टीव्हीच्या बाजूला, माणसांकडे तोंड करून बसतो. उजेड डोळ्यांना लागतो म्हणून. काय बोलला ते मालतीबाई मला पुन्हा सांगते. तिला सांगायला आवडतं.

एकदा मी टीव्हीच्या खोक्यावर तळहात टेकवून बघितला, लोहगिरी बोलत असताना. ती म्हणाली, "आप्पा, करंट लागी जाई." काढला हात.

मागच्या रविवारी छगनदादा आला होता. त्याला मी मुद्दाम बोलावलं. त्या दिवशी लोहगिरी समुद्राकडे बघत उभा होता आणि म्हणाला, "कळणानी भाकर खाईसन बराच दिन व्हयनात." दादाचे ओठ हलले, म्हणजे हसू आलं होतं, पण त्याने मिशीत दाबलं. मी म्हटलं, दादा, घरची आठवण काढतोय, आता तरी मूठ काढ. दादा म्हणाला, "या लोखंडले तोंड कोठे शे? जाळी शे नुसती." खरंच त्याला तोंड नाही. जबड्याच्या जागी पत्र्याची जाळी आहे. जपान्यांनी एवढी नजर लावून चित्रं काढली, धुळीचा कण न् कण काढला, तोंड तेवढं काढलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं.

दादाचं म्हणणं, यंत्राच्या पोटातून पोरगा काहीही बोलेल, ते कबुलीत धरत नाहीत. माणूस पाटावर दिसला पाहिजे. रोटाच्या दिवशी तुझ्या आवाज काढण्यावरून दादा तुला बोलला होता, तोंड वाजवून पोट भरतं का. ते त्याच्याही मनात आहे. पण तो माघार घेणाऱ्यांतला नाही, आणि तूही नाहीस.

मी तेव्हा मध्ये पडलो नाही असं तुला वाटत असेल. पाटावर बसलेल्याला उठता येत नाही रे. मी उठलो असतो तर दोन मुठी गेल्या असत्या. तू गेल्यावर तुझ्या ताटातला रोट मी खाल्ला. सगळ्यांना वाटतं वहिनीने तो पाण्यात सोडला. तिची पाठ वळली तेव्हा मी घास घास करून संपवला. म्हणजे तुझा वाटा टाकला गेलेला नाही, घराण्यातच संपला. दादाला अजून सांगितलं नाही. सांगू का? चिडला तर?

कळव. पोस्टकार्ड चालेल.

आप्पा

लिंबायत
१५ जुलै १९९८

धर्मेंद्र,

रात्रभर जागाच होतो, अक्षर वेडंवाकडं येईल.

परवा सोमवारी लोहगिरी गुडघे टेकून बसला होता. यूना झोपली होती. तो कोणाशीही न बोलता, आपला आपणच, बराच वेळ जुन्या भाषेत बोलला. मी नेहमीप्रमाणे माणसांकडे बघत होतो. पहिल्यांदा सगळे हसायच्या तयारीत होते. मग एकेक तोंड मिटत गेलं. मालतीबाईने पदर तोंडावर घेतला. चार-पाच जणांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली.

मी विचारलं, काय म्हणाला? मालतीबाई म्हणाली, "काही नही, भूक लागनी म्हने." इतक्या लांबलचक बोलण्याचा एवढाच अर्थ कसा असेल? मी दुसऱ्यांना विचारलं. तेही म्हणाले, भूक लागली. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, म्हणजे मला बाजूला ठेवून ठरवलं होतं.

आता तुला एक सांगायचं आहे, जे मी कधी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या आईलाही नाही.

मला ऐकू येत नाही.

थोडं कमी येतं असं नाही. ढोल वाजला तर छातीत कळतो. माणसाचा आवाज येत नाही. तू मशीनवर यायच्या आधीपासूनचं आहे. खात्यात कोणाला कळलं नाही, कारण तिथे सगळेच बहिरे असतात, मशिनी चालू असेपर्यंत. तिथे कोण आवाजाने बोलतं? ओठ हलवायचे आणि समोरच्याने वाचायचे. ते मला सगळ्यांपेक्षा चांगलं यायचं, म्हणून मास्तर मला शाबासकी द्यायचा. कळलं असतं तर शेठने कमी पगारावर फाटकाशी राखणीला बसवलं असतं, मग घर कसं चाललं असतं? आणि तू. तू दहावीनंतर मशीनवर आलास आणि घरीही तसाच बोलायला लागलास, समोर उभं राहून, ओठ स्पष्ट हलवून. तुझी ती सवय होती. माझ्यासाठी ती वरदान होती. तुझ्याशी बोलताना मला कधी काही चुकल्यासारखं वाटलंच नाही.

पहिल्या पत्रात तुझा आवाज ऐकला असं लिहिलं ते खोटं. मला लोहगिरीचा एक शब्द ऐकू आलेला नाही. त्याला तोंड असतं तर वाचला असता.

मग काल दुपारी भूपेंद्रच्या ऑफिसात गेलो. तो एकटाच होता. त्याला हे सगळं सांगितलं. तो परका, गुजराती, म्हणून त्याला सांगणं सोपं गेलं. त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. म्हणाला, काका, तुम्ही तर रोज माझ्याशी गप्पा मारता. मी म्हटलं, तू तोंड उघडून बोलतोस म्हणून.

मी म्हटलं, सोमवारची कॅसेट लाव. थोडं चालव, थांबव, आणि लोहगिरी जे बोलतो ते जसंच्या तसं माझ्यासमोर तू बोल. अर्थ लावू नकोस. नुसता आवाज उचल.

त्याला अहिराणी येत नाही. त्याने तसंच केलं. एक तुकडा ऐकायचा, मशीन थांबवायचं, माझ्याकडे तोंड करून बोलायचं. चुकलं असं वाटलं की मागे घ्यायचं आणि पुन्हा. त्याला काय बोलतोय ते कळत नव्हतं आणि मला कळत होतं. बिचारा परीक्षेला बसल्यासारखा नीट, हळू हळू बोलत होता, "गल्लीना कोपराले उभा राहीसन मी आप्पाले हाक मारी. परत मारी. आप्पानी वळीसन बी दखं नही."

मग म्हणाला, "काका, बराबर बोल्यो?"

मी म्हटलं, बरोबर. एकदा अजून बोल.

धर्मेंद्र, तू हाक मारलीस हे मला काल कळलं. तीन वर्षांनी, आणि तेही भूपेंद्रच्या तोंडून. मला वाटत होतं तू मागे न बघता सरळ स्टेशनला गेलास. मी दाराकडे पाठ करून पाटावर बसलो होतो. तुझ्या बाजूने बघितलं तर काय दिसलं असेल ते काल रात्रभर माझ्या डोळ्यांसमोर होतं. बाप पाठ करून जेवतोय, हाकेला वळत नाही, घास घेतोय.

आणि दुसरंही आता कळलं. तू गेलास आणि दादाने माझी पाठ थोपटली होती. मला वाटलं, धीर देतोय. सगळ्यांनी हाक ऐकली होती. मी मुद्दाम वळलो नाही, कडक राहिलो, म्हणून तो मला शाबासकी देत होता. मी त्याच्याकडे बघून मान हलवली. सगळ्यांनी ती बघितली. त्या मानेचं मला आता काय करावं कळत नाही.

हे पत्र रजिस्टर करतोय. सही करून घे. तुला राग असेल तर राहू दे, पण हाकेचा नको. ती मला पोचलीच नाही.

आप्पा

लिंबायत
रविवार, २६ जुलै १९९८

धर्मेंद्र,

रजिस्टरची पोच आली. सही कोणाची आहे ते लागत नाही, नुसता फराटा आहे. तुझी सही मी चार वेळा आठवून कागदावर काढून बघितली, जुळत नाही. पण माणसाची सही बदलते. नाव बदललं असेल तर बदलणारच.

शुक्रवारी चलथाणला गेलो. दादा ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, दादा, मला ऐकू येत नाही, त्या दिवशीही येत नव्हतं. त्याने विश्वास ठेवला नाही. म्हणाला, इतकी वर्षं तू माझ्याशी बोलतोस, मी काय वेडा आहे? पोराला वाचवायला काहीही सांगशील. तेवढ्यात दादा माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला. मागे वहिनी पितळी परात घेऊन येत होती, ती तिच्या हातातून फरशीवर पडली होती. शेजारच्या घरातून माणसं बाहेर आली एवढा आवाज झाला म्हणे. मी दादाकडेच बघत बसलो होतो.

दादा उठला, ओट्याखाली माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसला. आयुष्यात कधी तो माझ्यापेक्षा खाली बसलेला मी बघितला नाही. त्याला लूमवरचं बोलणं कुठे येतं? साखर कारखान्यातला माणूस. तो आवाज वाढवत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि तोंड इतकं वेडंवाकडं करत होता की एक अक्षर लागेना. मी म्हटलं, दादा, ओरडू नको, नेहमीसारखं बोल. मग बोलला. "तू मुद्दाम पाठ फिराई, असं मी समजनू. मी तुन्ही पाठ थोपटी रे."

मग रोटाचंही सांगून टाकलं, की तुझ्या ताटातला मी खाल्ला. वहिनी म्हणाली, मला माहीत होतं, ताट इतकं स्वच्छ कोणी पाण्यात सोडतं का? दादा तिच्यावर चिडला, मला का नाही सांगितलंस म्हणून. त्यावर ती काय म्हणाली ते मला दिसलं नाही, तिने तोंड फिरवलं होतं.

शेवटी दादाने ठरवलं ते असं. येत्या शनिवारी सकाळी चक्की धुऊन रोटाचं दळण होईल. तोपर्यंत तो तुझ्या नावाची सव्वा मूठ वेगळ्या वाटीत काढून ठेवतो. तू आलास किंवा तुझ्या हातचं लिहून आलं, तर ती वाटी इतरांच्या गव्हात मिसळेल. नाही आलं तर तो गहू परत कोठीत. त्याच्यापुढे तो जाणार नाही, भाऊबंदांना काय तोंड दाखवणार म्हणतो. मी विनवण्या केल्या. नाहीच म्हणाला. निघताना मात्र म्हणाला, पोराला लिही, छगनने टीव्ही बघितला, तोंड वाजवून पोट भरतं.

माझं म्हणशील तर खात्यात सगळ्यांना कळलं. भूपेंद्रने कोणाला सांगितलं नाही म्हणतो, पण मालतीबाईला सांगितलं, म्हणजे झालंच. मास्तरने मशीनवरून काढून मला सुताची कांडी भरायला बसवलं. मी भीत होतो तेवढं काही झालं नाही. फक्त आता लोक माझ्याशी बोलताना ओरडतात. सगळं खातं एकमेकांशी ओठांनी बोलतं आणि माझ्याशी तेवढं ओरडतं. डोकं उठतं, बघूनच.

लोहगिरीची शेवटची कॅसेट या आठवड्यात लागणार. भूपेंद्रने आधीच बघितली. यूना बरी आहे, टाकीवरच्या लोकांना गोडं पाणी मिळतं. लोहगिरी समुद्राच्या काठी बसतो आणि मग त्याला गंज चढत जातो, खांद्यावर पक्षी घरटी करतात. मी विचारलं, शेवटी जुन्या भाषेत काही बोलतो का? भूपेंद्र म्हणाला, नाही काका, शेवटी तो काही बोलतच नाही. तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. तुझं तिथलं काम संपलं असेल का? काम संपल्यावर तू त्या स्टुडिओत जातोस का? की तिथून आणखी कुठे निघून गेलास, आणि माझी तीन पत्रं कोणाच्या तरी टेबलावर पडून आहेत? रजिस्टर घेतलं कोणी? कालपासून हेच चाललंय डोक्यात, कांडी दोनदा तुटली.

यायचं ठरवलंस तर शनिवारच्या आत ये. सरळ चलथाणला गेलास तरी चालेल, पण आधी माझ्याकडे आलास तर बरं. दार उघडंच असतं. मी झोपलेला असलो तर हलवून उठव.

तार करू नकोस, तारेवर दादा विश्वास ठेवणार नाही, ती पोस्टातल्या माणसाने लिहिलेली असते. खालच्या दुकानात फोन तर अजिबात करू नकोस. मला बोलावून रिसीव्हर हातात देतील आणि मी तो धरून उभा राहीन.

आज रात्रीच्या गाडीने भूपेंद्रचा माणूस आनंदा कॅसेटी आणायला मुंबईला निघतोय. हे पत्र त्याच्या हाती देतो. स्टुडिओत जाऊन तुझ्याच हातात द्यायचं असं बजावलंय. तो गुरुवारी परत येतो. त्याला थांबवून घे आणि एक चिठ्ठी लिहून दे. लांबलचक नको. 'बसतो' एवढं लिहिलंस तरी दादाला पुरे. बसायचं नसेल तर 'बसत नाही' लिही. तेही मला वाचता येईल. गुरुवारी मी सुट्टी टाकून सकाळपासून भूपेंद्रच्या ऑफिसात बसणार आहे. काहीही लिही, पण लवकर कळव.

आप्पा